लग्नाआधीचा कागद

गिरगाव-दादरच्या चाळींत लग्न ठरलं की ‘याद्या’ होत. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेला कागद, वर ‘श्री’, खाली हॉल कोणाचा, जेवणं कोणाची, मुलीच्या अंगावर किती तोळे, विहिणीला कुठलं लुगडं. शेवटी वडीलधाऱ्यांच्या सह्या. ‘यादी पे शादी’ या शब्दप्रयोगातली यादी तीच. म्हणजे ‘प्रीनप’, म्हणजे पैसा-मालमत्तेबद्दल लग्नाआधी करायचा करार, हा शब्द नवा असला तरी लग्नाआधी लिहून घ्यायची सवय जुनीच आहे. फक्त पुढे पटलं नाही तर काय, याची ओळ त्या कागदावर नसे. मुहूर्ताला अशुभ कोण लिहिणार?

गंमत म्हणजे पुढे सरकारनेही यादीच मागितली. हुंडाबंदी कायदा 1961 चा. त्याखालच्या 1985 च्या नियमांनुसार लग्नात आलेल्या भेटींची यादी करायची, त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं लिहायचं आणि वधूवरांनी सही करायची. अशी यादी करणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. आहेराची वही मात्र घरोघरी असते.

अशा लग्नाआधीच्या कराराचं घोडं अडतं ते 1872 च्या करार कायद्यात. कलम 23 म्हणतं, लोकहिताच्या धोरणाविरुद्धचा करार निरर्थक. 1901 साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक घरजावयाचं प्रकरण आलं. बायकोला तिच्या माहेरहून कधीही हलवणार नाही, असं त्याने लग्नाआधी कबूल केलं होतं. न्यायालयाने ती कबुली मानली नाही. हिंदू विवाह हा संस्कार. त्यातली कर्तव्यं आधी कागद करून बदलता येत नाहीत, हा विचार तेव्हापासून टिकून आहे.

शेजारी मात्र वेगळा व्यवहार. मुस्लिम निकाह मुळातच करार. मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम निकाहनाम्यात लिहिली जाते. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. तिथे लग्नाआधी नोंदणीकृत करार केला नाही, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. धोबीतलावच्या गोवेकरांना हे सांगावं लागत नाही. दादरच्या जोडप्याला मात्र नवल वाटतं, कारण आपल्याकडे नुसत्या लग्नाने नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये बायकोचं नाव लागत नाही.

मग आपल्याकडे असा कागद सरकारदरबारी नोंदवला तर? 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. राहतं घर नवराबायकोत बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये. पण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, तो न्यायालयात टिकेल याची हमी देत नाही. म्हणून वकील दोन कागद करायला सांगतात. घर द्यायचं असेल तर बक्षीसपत्र, आणि कोणाचं काय, कोणाचं कर्ज कोण फेडणार, हे वेगळ्या स्टॅम्पपेपरवर. तो घटस्फोटाच्या अटी म्हणून चालेल असं नाही, पण काय कोणाचं होतं याचा पुरावा म्हणून हाताशी असतो. हा स्टॅम्पपेपरही आता शंभराचा नाही, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा.