डिझेल गाडीचा धूर: काय तपासावं आणि काय मुळीच करू नये

वडाळ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्या बहुतेक कष्टाच्या असतात. न्हावा शेवाचे ट्रेलर, वाशी मार्केटला भाजी नेणारे टेम्पो, शाळेच्या बस, शिवाय सोसायट्यांचे जनरेटर. मालकांची तक्रार असते ॲव्हरेजची नाहीतर पिकअपची. धुराचा विषय पीयूसीला गाडी नापास झाली तरच निघतो. आमची विनंती आहे की आधी धुराकडे बघा. काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे मोजून भरलेलं, पण नीट न जळलेलं डिझेल.

हा धूर घातक आहे, यात आता शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. आणि सगळ्यात जास्त कुणाच्या? ड्रायव्हर, क्लीनर, आमची गॅरेजमधली पोरं आणि बसच्या मागे रांगेत उभी असलेली मुलं.

दुसरा त्रास डोळ्यांना दिसतच नाही. इंजिनात ज्वलन फार तापलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. त्यानं श्वासनलिका सुजते, आणि उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. म्हणून धूर दिसत नाही म्हणजे गाडी स्वच्छ, असं समजू नका. पीयूसीचं यंत्रही डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतं.

धुराचा रंग मात्र खूप काही सांगतो. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय: एअर फिल्टर चोक, टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) होज फुटलेला, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) खराब, नाहीतर गाडी ओव्हरलोड. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह किंवा टर्बोचं सील बघावं लागेल. थंडीत स्टार्ट करताना थोडा पांढरा आला तर घाबरू नका, पण गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, तपासून घ्या.

काळ्या धुरात आम्ही एअर फिल्टरनंतर लगेच नोझल काढून टेस्टरवर लावतो, आणि ते तुम्ही शेजारी उभं राहून बघावं असं आम्हाला वाटतं. चांगल्या नोझलमधून डिझेलचं बारीक धुकं उडतं आणि टोक कोरडं राहतं. खराब नोझलमधून धार येते, टोकाला थेंब लोंबतो. तो थेंब पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. मुंबईच्या पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं आणि त्यानं नोझल लवकर जातात. त्यामुळे जून ते सप्टेंबर डिझेल फिल्टरखालचा ड्रेन आठवड्यातून एकदा सोडा.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराच्या नव्या, कडक मानकाच्या) डिझेल गाड्यांत डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साठलेली काजळी स्वतःच जाळतो, पण त्यासाठी सायलेन्सरच्या आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. सायन ते कुर्ला रांगत जाणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता येत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गाडी हायवेला काढा आणि वीसेक मिनिटं एका लयीत चालवा. दिव्याकडे दुर्लक्ष करून तशीच ओढली तर फिल्टर गच्च होतो आणि खर्च कित्येक पट वाढतो. ऑइल नेहमी कंपनीनं सांगितलेलं, कमी राखेचंच घाला. काजळी जळून जाते, ऑइलची राख मात्र फिल्टरमध्ये कायमची बसते.

बऱ्याच बीएस-6 गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाची वेगळी टाकी असते. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी लागतं. शेतीच्या खताचा युरिया नळाच्या पाण्यात घोळून कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यातल्या अशुद्धीनं युरिया फवारणारा इंजेक्टर आणि धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट दोन्ही बाद होतात.

आता एक स्पष्ट सांगतो. डीपीएफ पोकळ करून देणं किंवा युरियाची यंत्रणा फसवणारं किट बसवणं ही कामं आम्ही करत नाही, कितीही पैसे दिले तरी. तुमच्या गाडीचा धूर दुसऱ्याच्या मुलाच्या छातीत जातो, त्यात आम्हाला हातभार लावायचा नाही. कायद्यानंही ते चालत नाही. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्यानुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सेकंडहँड बीएस-6 गाडी घेताना इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून बघा. फडकं काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ फुटलेला आहे किंवा काढलेला आहे. सौदा करण्याआधी तपासून घ्या.

बाकी रोजची काळजी थोडक्यात. माल चढवता-उतरवताना इंजिन बंद ठेवा. टायरची हवा बघा. पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका. रोज शहरातच फिरणारा छोटा टेम्पो बदलायचा असेल तर सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचा हिशोब एकदा नक्की मांडा. आम्ही डिझेलचं काम करतो, तरी अशा ग्राहकाला हेच सांगतो.

धुराच्या तपासणीसाठी गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून लावा, म्हणजे सकाळी थंड इंजिनाचा पहिला धूर आम्हाला बघता येतो. मागच्या पीयूसीची स्लिप आणि शेवटचं ऑइल कधी व कुठलं घातलं त्याचं बिल सोबत ठेवा.