लोखंडी रिम की अलॉय? टायर उतरवून रंगवण्याआधी हे बघा

काळा रंग मारलेलं चाक नुसतं बघून ते लोखंडी आहे की अलॉय, हे आता पटकन कळत नाही. पूर्वी लोखंडी रिम म्हणजे गोल भोकांची तबकडी आणि तिच्यावर प्लास्टिकची व्हील कॅप. आता लोखंडी रिमलाही रुंद आरे असतात, वर हुबेहूब अलॉयसारखी कॅप बसते. उलट जुनं अलॉय कुणीतरी काळं रंगवलेलं असेल तर ते लोखंडी वाटतं. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, म्हणजेच अलॉय. मात्र चुंबक रिमला लावलेल्या बॅलन्सिंगच्या वजनावर लावू नका, ते वजन लोखंडाचं असू शकतं.

एवढं बघायचं कारण असं की रंग काढायची आपल्या हाताला बसलेली बहुतेक सवय लोखंडाची आहे. खिडकीचे गज, गेट, सायकल, सगळीकडे तीच. अलॉयवर तीच वापरली की चाक बिघडतं.

टायर उतरवण्याचं तंत्र दोन्हीकडे सारखं. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, टायरची कड म्हणजे बीड दोन्ही बाजूंनी रिमपासून सोडवायची, एका बाजूची बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची आणि समोरच्या बाजूने टायर लिव्हरने उचलायची. बीड खोलगटात नसेल तर कितीही जोर लावा, टायर हलत नाही. लोखंडी रिमवर लिव्हर घसरला तर रंगाचा ओरखडा जातो. अलॉयची कड मात्र खरवडते, कधी तिचा टवका उडतो. चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर तो बहुधा व्हॉल्व्हच्या मागेच असतो आणि लिव्हरने फुटू शकतो. माझं स्पष्ट मत: चाकं गाडीवरून घरी काढा, टायर मात्र टायरवाल्याच्या मशीनवर उतरवून घ्या. रंगकामाची मजा घरी घेता येते, बीडशी झटापट करण्यात काही हशील नाही.

आता गंज. लोखंडाचा गंज तांबूस, पापुद्र्यांचा. तो सुटत जातो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने तो मुळापासून घासून काढायचा, लगेच प्रायमर मारायचा. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी त्यावर तांबूस छटा आलेली असते.

ॲल्युमिनियमचं वागणं निराळं. हवेत त्यावर क्षणात ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच धातूला सांभाळतो. दुखणं सुरू होतं ते वरच्या पारदर्शक लॅकरला चीर पडल्यावर. खारी हवा आणि ओल त्यातून आत शिरते, लॅकरखाली किड्याच्या वाटेसारख्या पांढुरक्या रेघा पसरतात. फुगलेला भाग दिसतो तेवढाच घासला तर कडेच्या लॅकरखालून त्या पुन्हा वर येतात. सुटलेलं लॅकर धड धरलेल्या भागापर्यंत काढावंच लागतं.

आणि इथे लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, ओल लागली की त्यांच्याभोवती झीज सुरू होते. पॉलिश पेपर किंवा नायलॉनचं घासणं वापरा. त्याहून घातक म्हणजे कास्टिक सोडा. जुना रंग सोडवायला लोखंडावर तो चालतो, पण ॲल्युमिनियमला तो खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. तुंबलेली मोरी उघडायच्या पावडरीत बऱ्याचदा हाच असतो. ती अलॉयच्या आसपासही आणू नका.

प्रायमरही वेगळा. लोखंडाला रेड ऑक्साइड चालतो, इपॉक्सी असेल तर उत्तम. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर साधा रेड ऑक्साइड धरत नाही, त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणारा प्रायमर, किंवा इपॉक्सी हवा.

पावडर कोटिंग दोन्हींना करतात. ते साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजतात. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. अलॉयची ताकद मात्र कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, तिचा शेवटचा टप्पा 150 अंशांच्या आसपास होतो. थोडा वेळ, मोजून दिलेली आच ते सोसतं. पण जुना रंग भट्टीत जाळून काढायला किंवा वाकलेली कड गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकायला दिली तर धातू मऊ पडतो. लोखंडी रिमची थोडी वाकलेली कड ठोकून सरळ होते. अलॉय बऱ्याचदा वाकण्याऐवजी तडकतं, म्हणून टायर उतरलेलं असताना आतली बाजू पुसून चीर आहे का ते बघाच. चीर असेल तर रंगाचा विचार सोडा, ते चाक बाद.

अलॉयच्या आऱ्यांवर लेथच्या बारीक चकचकीत रेघा असतील तर ते डायमंड कट. ती चकाकी घरी परत येत नाही. घासलंत की ते साधं रंगीत चाक झालं, हे आधीच मनाशी पक्कं करा.

रंग कुठे मारायचा नाही, हे दोन्हींना एकच. बीड बसते ती जागा फक्त साफ आणि गुळगुळीत करा. तिथे रंगाचा जाड थर सुटला की ट्यूबलेस टायर हळूहळू हवा सोडतो. हबला, म्हणजे चाक गाडीवर ज्या भागावर बसतं त्याला, टेकणारी मागची बाजू आणि नट बसतात त्या वाट्या मास्किंग टेपने झाका. तिथला रंग दाबाने चेपतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. काही गाड्यांत लोखंडी रिमचे आणि अलॉयचे नट वेगळे असतात, त्यांची अदलाबदल नको. रबरी व्हॉल्व्ह नवा घाला. टायर चढवून बॅलन्सिंग झाल्यावर नट समोरासमोर आळीपाळीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतके (आवळण्याच्या जोराइतके) आवळा, आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावा.