‘स्तर’ खोलीचा आणि सराव माणसाचा: जैवसुरक्षा प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

देशातील पहिल्या फिरत्या बीएसएल-3, म्हणजे जैवसुरक्षेच्या चार स्तरांपैकी तिसऱ्या स्तराच्या, प्रयोगशाळेचे उद्घाटन फेब्रुवारी 2022 मध्ये नाशिकमध्ये झाले. बसवर उभारलेली ही प्रयोगशाळा पुढच्या वर्षी निपाहच्या साथीत कोझिकोडला नेण्यात आली. अशा खोलीत काम करणे आणि ते इतरांना शिकवणे हा आयुष्यभराचा पेशा होऊ शकतो, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या येथील विद्यार्थ्यांना त्या बसचा दाखला देऊन पटवणे सोपे जाते.

या पेशाचा पाया अपघातांनी घातला. 1978 मध्ये बर्मिंगहॅमला देवीच्या विषाणूवर संशोधन चालणाऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणारी छायाचित्रकार देवीने दगावली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली जैवसुरक्षा पुस्तिका 1983 मध्ये निघाली. भारतात घातक सूक्ष्मजीव हाताळण्याचे नियम 1989 मध्ये आले, तर पुण्यात चौथ्या स्तराची प्रयोगशाळा उभी राहायला 2012 उजाडले.

खरा गुंता ‘स्तर’ या शब्दाचा आहे. रोगजंतू किती घातक त्यावरून पाडलेले जोखीम गट चार आणि प्रयोगशाळांचे स्तरही चार असल्याने तिसऱ्या गटातला जंतू म्हणजे तिसऱ्या स्तराचीच खोली, असे समीकरण रूढ झाले. वास्तविक क्षयरोग्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि त्याच थुंकीतले जंतू वाढवून ते औषधांना दाद देतात का हे तपासणे, यांतला धोका सारखा नसतो. वाढवलेल्या जंतूंची संख्या अफाट असते आणि ते हाताळताना न दिसणारे तुषार उडतात. कोविडच्या काळात स्वॅबची आरटीपीसीआर तपासणी दुसऱ्या स्तरावर चालत होती आणि विषाणू वाढवण्याचे काम तिसऱ्या स्तरावर, हे तर सर्वांनीच पाहिले.

2020 च्या अखेरीस आलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीने गट आणि स्तर यांची ही सांगड मोडली आणि प्रत्येक कामाची जोखीम पाहून उपाय ठरवावेत, अशी भूमिका घेतली. आकडा सुटसुटीत होता, निविदेला आणि मंजुरीला सोयीचा होता, हा त्यावरचा आक्षेप खोटा नाही. तरीही निर्णय योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे, कारण आकड्याच्या भरवशावर पैसा भिंतींवर आणि हवेच्या गाळण्यांवर खर्च होत राहतो आणि माणसाचा सराव मागे पडतो. 2003 मध्ये सिंगापूरला वेस्ट नाइल विषाणूवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सार्सची लागण झाली, तेव्हा चौकशीत नमुन्यांची सरमिसळ आणि सदोष कार्यपद्धती हीच कारणे पुढे आली होती. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत मात्र आजही ‘बीएसएल-3 चा अनुभव’ मागितला जातो. कोणते काम, कोणत्या जंतूवर, हे अनेकदा विचारलेही जात नाही.

प्रशिक्षणात हातमोज्यांना अतिनील प्रकाशात चमकणारी पूड लावून ते उतरवायला सांगतात. मोजे काढून झाल्यावर दिवा लावला की मनगटावर, कधी चष्म्याच्या काडीवर, ठिपका चमकतो आणि आपला हात नकळत कुठे गेला होता, ते शिकणाऱ्याला तेव्हा कळते. मग नवे मोजे, पुन्हा पूड, आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत तोच सराव.