म्हातारा दगड तरण्या दगडावर कसा बसला?

पांढऱ्या चौथऱ्यावर तोललेला काळा धोंडा आणि खाली ओळ, ‘गुरुत्वाकर्षणाला आव्हान!’ असे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतच असतात. आव्हान वगैरे काही नाही. धोंड्याचा भार चौथऱ्यात उतरतो, म्हणून तो बसलाय. खरं कोडं आहे ते वयाचं.

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशरमध्ये ऑस्टविक नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्या पॅरिशमध्ये, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत म्हणा, नॉर्बरच्या उतारावर असे कितीतरी धोंडे विखुरलेत. पायाखालचा चुनखडक सुमारे ३३ कोटी वर्षांचा. वरचे धोंडे ग्रेवॅक नावाच्या कठीण, मातकट वालुकाश्माचे, ४० कोटींहून जुने. जुना थर खाली, नवा वर, असं आपण शाळेत शिकलो. इथे सगळं उलटं.

शेजारच्या क्रमॅकडेल खोऱ्यात ग्रेवॅक चुनखडकाखाली, आपल्या जागीच आहे. शेवटच्या हिमयुगात हिमनदीने तिथले तुकडे उपटले आणि चक्क चढावर नेले. हिमनदीची दिशा तिच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार ठरवतो; तळाशी चढ असला तरी बर्फ तो चढतो.

बर्फ वितळला आणि पावसाचं काम सुरू झालं. हवेतला, त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं. ते चुनखडकातल्या कॅल्शियम कार्बोनेटचं बायकार्बोनेट करतं आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. ग्रेवॅकला या आम्लाने फारसं काही होत नाही. धोंड्याने छत्री धरलेला चुनखडक तेवढा टिकला, भोवतालचा खाली गेला. चौथरा कुणी बांधला नाही.

किती काळ लागला? उघड्या दगडावर वैश्विक किरणांचा, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचा मारा होतो, कॅल्शियम-पोटॅशियमची अणुकेंद्रं फुटून क्लोरीन-३६, म्हणजे क्लोरीनचाच एक प्रकार, तयार होतं. ते किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य सुमारे ३ लाख वर्षं. त्याचं प्रमाण मोजून धोंडे उघडे पडल्याला सुमारे १८ हजार वर्षं झाली असं निघालं. चौथरा ३० सेंटिमीटरचा धरला, तर झीज हजार वर्षांत जेमतेम १७ मिलिमीटर.

पण चौथरे सारख्या उंचीचे नाहीत. जिथे खडकावर मातीचा थर होता तिथे मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे पाणी अधिक आम्लधर्मी, म्हणून झीज जास्त. उघड्या खडकावर कमी. त्यामुळे एका चौथऱ्यावरून अख्ख्या यॉर्कशरच्या झिजेचा दर सांगणारे आकडे मी जरा दुरूनच बघतो.