सबनेट आणि सबनेट मास्क

एका आयपी नेटवर्कचे पाडलेले छोटे भाग म्हणजे सबनेट. आयपीव्ही-४ पत्ता ३२ बिटांचा (० किंवा १) असतो आणि आठ-आठ बिटांच्या चार गटांत लिहितात. डावीकडचे काही बिट नेटवर्कचे, उरलेले त्यातल्या यंत्राचे, म्हणजे होस्टचे. ही सीमा नेमकी कुठे आहे, ते नुसत्या पत्त्यावरून कळत नाही. त्यासाठी सबनेट मास्क लागतो. मास्कमध्ये नेटवर्कच्या बिटांच्या जागी १ आणि होस्टच्या बिटांच्या जागी ० असतो. २५५ म्हणजे आठही बिट १; त्यामुळे २५५.२५५.२५५.० मध्ये सलग २४ वेळा १ येतो, म्हणून तो थोडक्यात /२४ असा लिहितात.

पूर्वी पत्त्यांचे वर्ग ठरलेले होते. 'सी' वर्गात २५४ होस्ट मावत, 'बी' वर्गात एकदम ६५,५३४. तीनशे यंत्रे असणाऱ्याने 'बी' घेतला की बाकीचे पत्ते पडून राहत. १९८५ साली आरएफसी ९५० ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) सबनेट पाडण्याची पद्धत प्रमाणित केली आणि १९९३ मध्ये सीआयडीआरने, म्हणजे वर्गाविना पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, वर्गच मोडीत काढले. तरी /२४ ला 'क्लास सी' म्हणायची सवय काही सुटलेली नाही.

सीमा आठ बिटांच्या गटाच्या मधोमध पडली की नवशिके अडखळतात. उदाहरणार्थ १७२.२०.७७.१५०/२० हा पत्ता घेऊ. मास्क २५५.२५५.२४०.०, म्हणजे सीमा तिसऱ्या गटात. २५६ मधून २४० वजा केले की १६ उरतात. म्हणून तिसऱ्या गटात दर १६ आकड्यांनी नवा सबनेट सुरू होतो: ०, १६, ३२, ४८, ६४, ८०... ७७ हा ६४ ते ७९ या टप्प्यात बसतो. म्हणून नेटवर्क पत्ता (सबनेटचा पहिला) १७२.२०.६४.० आणि ब्रॉडकास्ट पत्ता (शेवटचा, सगळ्या यंत्रांना एकदम संदेश देण्याचा) १७२.२०.७९.२५५. होस्टचे बिट १२, एकूण पत्ते ४,०९६. नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट हे दोन वगळून ४,०९४ यंत्रे. या शोधात शेवटच्या १५० चा काडीचाही उपयोग झाला नाही. राउटर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडणारे यंत्र, हेच काम बिटवार 'अँड' करून (दोन्ही बिट १ असतील तरच १) साधतो: ०१००११०१ आणि ११११०००० यांतून ०१०००००० येते, म्हणजेच ६४.

शेवटी २५५ दिसले की तो ब्रॉडकास्टच, ही समजूत इथे फसते: याच सबनेटमधला १७२.२०.७०.२५५ हा साधा होस्ट पत्ता आहे. दोन पत्ते वगळण्यालाही अपवाद आहे. दोन राउटरमधल्या थेट जोडणीला २००० सालच्या आरएफसी ३०२१ नुसार /३१ चालतो आणि त्याचे दोन्ही पत्ते वापरता येतात.

वेगवेगळ्या आकारांचे सबनेट पाडताना मोठ्यापासून सुरुवात करावी. १९२.१६८.४०.०/२४ मधून १००, ५० आणि २० यंत्रांची सोय करायची तर ० पासून /२५, १२८ पासून /२६ आणि १९२ पासून /२७ द्यावा. २२४ पासून पुढचे सलग मोकळे राहते. सबनेटची सुरुवात त्याच्या आकाराच्या पटीतच व्हावी लागते. त्यामुळे लहान आधी मांडले की मध्ये भोके पडतात.

मास्क चुकला तर बिघाड अर्धवट दिसतो, म्हणून तो सापडायला त्रास होतो. मास्क गरजेपेक्षा रुंद असेल, म्हणजे त्यात १ कमी असतील, तर यंत्र दूरच्या काही पत्त्यांना आपल्याच सबनेटमधले समजते, गेटवेकडे (सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरकडे) न जाता एआरपीने (आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधण्याच्या पद्धतीने) त्यांना हाका मारत बसते आणि सहसा उत्तर येत नाही. बाकी सगळे मात्र सुरळीत चालते.

आयपीव्ही-६ मध्ये, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीत, एका सबनेटला सहसा /६४ देतात, त्यामुळे होस्ट मोजायची वेळ येत नाही. तिथे हिशेब सबनेटच्या संख्येचा. /४८ मध्ये असे ६५,५३६ सबनेट बसतात.