नौदलासाठी ड्रोन : अर्ज करण्याआधी काय तयार ठेवाल?

नौदलाला ड्रोन पुरवायचा असेल, तर छोट्या कंपनीसाठी सर्वांत मोकळी वाट आयडेक्सची आहे. नव्या संरक्षण तंत्रज्ञानाच्या विकासासाठी अनुदान देणारी संरक्षण मंत्रालयाची ही योजना 2018 मध्ये सुरू झाली. 2022 मध्ये नौदलाने याच धर्तीवर 'स्प्रिंट' नावाने 75 समस्या उद्योगांपुढे ठेवल्या.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो, आणि तो साधारणपणे नौदलाने मांडलेल्या एखाद्या समस्येसाठी असतो. स्वतःची कल्पना मांडायची असेल तर खुल्या आव्हानाची वेगळी सोय आहे, पण माझं मत विचाराल तर आधी समस्येचा मजकूर शब्द न् शब्द वाचा. तिथे 'जहाजावरून उड्डाण' असं लिहिलं असेल, तर मैदानावर छान उडणारा ड्रोन पुरत नाही. जहाजाचं पोलाद होकायंत्राला चकवतं, डेक खाली-वर होत असतो आणि उतरायला जागा मोजकीच असते. समुद्रावरून परत आलेल्या ड्रोनच्या मोटरवरून बोट फिरवून पाहा, मिठाचा खरखरीत थर हाताला लागतो. तो बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरच्या पिनांवर जाऊन बसतो. त्यावर तुम्ही काय केलंय, हे तांत्रिक प्रस्तावात सविस्तर लिहा.

पात्रता फारशी किचकट नाही. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन व अंतर्गत व्यापार विभागाची) मान्यता असलेला स्टार्टअप, लघु-मध्यम उद्योगात मोडणारी भारतीय कंपनी किंवा वैयक्तिक संशोधकही अर्ज करू शकतो. अनुदान 1.5 कोटी रुपयांपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये 10 कोटींपर्यंत आणि अदिती योजनेत 25 कोटींपर्यंत मिळतं. मात्र विकासखर्चाचा निम्मा वाटा तुम्हालाच उचलावा लागतो. तो कुठून येणार, याचं उत्तर तयार ठेवा.

कागदपत्रांत कंपनी नोंदणी, स्टार्टअप मान्यतापत्र किंवा उद्यम प्रमाणपत्र, भागधारकांचा तपशील, सीएने तपासलेले ताळेबंद आणि प्रस्ताव तयार ठेवा. यादी त्या-त्या फेरीच्या सूचनेतच पक्की होते, ती तिथेच पाहा. माझ्या मते आणखी एक कागद जोडा: प्रत्येक सुट्या भागाचा मूळ देश सांगणारा तक्ता. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), फ्लाइट कंट्रोलर, कॅमेरा, रेडिओ, काहीही सोडू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये लष्करासाठीच्या 400 ड्रोनचे करार चिनी भागांच्या मुद्द्यावर रद्द झाले. आयत्या वेळी हा तक्ता बनवायला घेतला, की व्यापाऱ्याकडून घेतलेल्या भागाचा खरा उगम सापडतच नाही.

छाननीनंतर उच्चाधिकार निवड समितीसमोर सादरीकरण होतं. निवड झाली की विकास आराखडा ठरतो आणि टप्पा पूर्ण होईल तसा हप्ता मिळतो. आयआयटी मुंबईतलं साइन हे आयडेक्सच्या भागीदार इन्क्युबेटरांपैकी, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थांपैकी, एक आहे, मुंबई-पुण्याकडच्यांना ते जवळ पडतं. पण निवड म्हणजे ऑर्डर नव्हे. नमुन्याच्या चाचण्या पार पडल्यावर खरेदीची मंजुरी, नौदलाकडून औपचारिक प्रस्तावाची मागणी (आरएफपी) आणि किमतीची बोलणी, हे सगळं पुढेच असतं. तोवर पगार देता येतील इतका पैसा हाताशी हवा.

चाचणीच्या जागेवर बरेच जण अडतात. ड्रोन नियम 2021 नौदलाच्या ड्रोनना लागू नाहीत, पण तुमच्या कारखान्यातल्या नमुन्याला लागू आहेत. संशोधनासाठी मान्यताप्राप्त स्टार्टअपला ड्रोनचं प्रमाणपत्र आणि पायलट परवाना यांतून सूट आहे, पण ती फक्त हरित क्षेत्रात (जिथे ड्रोन उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही) आणि स्वतःच्या ताब्यातल्या जागेत. अलिबागचा किनारा तुमच्या ताब्यातला नाही. म्हणून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा हवाई क्षेत्रांचा नकाशा आधी उघडा आणि समुद्रावरच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या परवानग्यांचा वेळ विकास आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरा.