लोणारचं पाणी आणि शर्टावरचा हळदीचा डाग

पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब पडला आणि घाईघाईने साबण चोळला, की पिवळा डाग बघता बघता लाल होतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्याचा सामू ओळखतं. सामू साधारण ७.४ च्या वर चढू लागला की ते लालसर होऊ लागतं. सामू म्हणजेच पीएच, पाणी आम्लाकडे झुकतं की साबणाच्या पाण्यासारखं अल्काकडे हे सांगणारा आकडा. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकऱ्याची नजर आधी ज्या आकड्यावर जाते, तोच.

हा आकडा समजून घ्यायचा तर आधी पाण्याची विरघळवण्याची ताकद बघायला हवी. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की तो खडा वितळवायला ८०१ अंश सेल्सिअसची आच लागते. तोच खडा पेलाभर पाण्यात ढवळा, आचेशिवाय दिसेनासा होतो. मला तर हे दर वेळी नवल वाटतं.

कारण पाण्याच्या रेणूच्या आकारात आहे. ऑक्सिजनला चिकटलेले दोन हायड्रोजन सरळ रेषेत नसतात, १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. खड्याच्या कडेच्या सोडियमभोवती रेणू ऑक्सिजनची बाजू पुढे करून गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. पाण्यात या दोघांमधली ओढ जवळपास ८० पटींनी कमी होते आणि ते सुटे होऊन पांगतात. तेलाच्या रेणूला असे ऋण-धन टोक नाहीत. म्हणून आमटीवर तवंग येतो.

दुसऱ्याला फोडणारं पाणी स्वतःलाही थोडं फोडतं. एक रेणू आपला हायड्रोजन आयन, म्हणजे धन भार असलेला हायड्रोजन, शेजाऱ्याला देतो, मागे ऋण भाराचा हायड्रॉक्साइड उरतो. हे प्रमाण फार थोडं आहे. शुद्ध पाण्यात २५ अंशांना सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. हायड्रोजन आयनांचं हे प्रमाण लिहायचं तर लिटरमागे ०.०००००० असं लिहीत बसायचं, शेवटी १, आणि एकक मोल, म्हणजे कण मोजण्याचं रसायनशास्त्रातलं माप. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेनसन यांनी १९०९ मध्ये ही कटकट संपवली. दहाचा घात तेवढा घ्या, उणे चिन्ह सोडा, म्हणजे ७. हायड्रोजन आयन दहापट वाढले की सामू एकाने उतरतो, दहापट घटले की एकाने चढतो. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असतो. म्हणजे त्यात शुद्ध पाण्याच्या सुमारे तीस हजार ते एक लाख पट हायड्रोजन आयन असतात. ७ ते ८ हा फरक दिसायला छोटा, पण मातीत तो मोठा असतो. सामू ८.५ च्या वर गेलेली चोपण जमीन काय त्रास देते, हे ज्याने ती कसली त्यालाच विचारावं.

आता बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. काळ्या कातळात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि त्याच्या तळाशी तळं. या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. म्हणजे हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्याच्या हजारपट. हळद लावलेला कागद त्यात बुडवला तर शर्टावरच्या डागासारखाच लाल होईल.

हे पाणी आलं मात्र पावसातून, आणि पाऊस तर किंचित आंबट असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं आणि स्वच्छ पावसाचा सामूही ५.६ च्या जवळ येतो. हेच आम्ल कातळाला हळूहळू खातं. कातळातून सोडियम, कॅल्शियम सुटतात आणि पाण्यात बायकार्बोनेट साठतो. डोंगरउतारावरून असं पाणी ओढ्यात आणि पुढे नदीत वाहून जातं. लोणारच्या तळ्याला बाहेर जायला वाटच नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो आणि पाण्यात पापडखाराच्या जातीचे सोडियमचे क्षार उरतात. त्यांतला कार्बोनेट पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन काढून घेतो, हायड्रॉक्साइड मागे राहतो. आंबट पावसाचं असं खारं तळं होतं.

विवराच्या काठावर धार नावाचा झरा आहे. त्याचं पाणी गोड आणि ते खाली तळ्याकडेच जातं. कातळ तोच, पाऊस तोच. माझ्या मते लोणारला गेलेल्या प्रत्येकाने तळं बघण्याआधी या झऱ्यापाशी थोडं थांबावं.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि अशा पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं. पुढे पावसाने पाणी वाढलं, क्षार पातळ झाले आणि रंग ओसरला.